हात थरथरतो म्हणून बाबांना खाटेवर बसवू नका



11 ते 14 एप्रिल हा आपल्या जयंतीचा काळ. अमरावतीच्या इर्विन चौकात आणि अकोल्याच्या अशोक वाटिकेत पाय ठेवायला जागा नसते. ज्या 11 एप्रिलला आपण जोतीराव फुल्यांना अभिवादन करतो, त्याच दिवशी जगभर पार्किन्सन दिन पाळला जातो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. जेम्स पार्किन्सन हे लंडनचे डॉक्टर, जन्म 11 एप्रिल 1755. सामान्य माणसाला मताधिकार मिळावा म्हणून टोपणनावाने पत्रके लिहिणारे. 1817 साली त्यांनी अंग थरथरण्याच्या या आजारावर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांचे वर्णन आहे, आणि त्यांतले काही तर त्यांना रस्त्याने जाताना दिसलेले होते. माणूस चालतो कसा, हे नीट बघून त्यांनी आजार ओळखला.

जोतीरावांचीही एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1888 मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढले. पक्षाघात आणि पार्किन्सन हे आजार वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. पण थकलेल्या शरीरालाही शिकवता येते, हे दोन्हीकडे खरे आहे.

‘पिऊन आला काय?’

आरोग्यावर बोलायला आम्ही विहारांत जातो, तेव्हा वंदना झाल्यावर कोणीतरी बाजूला घेऊन विचारतेच. अकोल्याकडच्या एका विहारात एक सूनबाई अशाच थांबल्या होत्या. सासरे सूतगिरणीतून निवृत्त झालेले, दर रविवारी पहिल्या ओळीत बसणारे. दीड वर्षापासून त्यांनी विहारात येणे सोडले होते. उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलायचे. चाल बारीक झाली, चेहरा मख्ख झाला, आवाज खाली गेला. एकदा विहाराच्या पायरीवर तोल गेला आणि मागून कोणीतरी म्हणाले, ‘पिऊन आला काय बुढा?’ आयुष्यभर पंचशील पाळलेल्या माणसाला हे लागले. त्यांनी घराबाहेर पडणेच बंद केले.

सूनबाई फार मायेच्या. ‘मी तर त्यायले काहीच करू देत नाही. पाणीबी हातात नेऊन देतो. बाबा, तुमी बसा म्हणतो,’ असे त्या मोठ्या समाधानाने सांगत होत्या. त्यांना दुखवायचे आमच्या जिवावर आले, पण सांगावेच लागले: माय, ही माया आता थोडी कमी करा.

या आजारात आराम हे औषध नाही. आरामाने स्नायू आखडतात, तोल बिघडतो, शौचाला होत नाही, मन खचते, आणि दोन वर्षांत माणूस खाटेला लागतो. मग लोक म्हणतात, ‘आजार लई वाढला.’ त्यातला बराच भाग आजाराने नव्हे, बसून राहिल्याने वाढलेला असतो.

आत काय बिघडते

मेंदूच्या मुळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो. तिथे डोपामाइन नावाचे रसायन तयार होते. या पेशी हळूहळू मरतात आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त गेलेल्या असतात. डोपामाइनचे काम काय, हे भाकरी थापणाऱ्या बाईकडे बघा म्हणजे कळेल. ती हात मोजत नाही. गोष्टी सांगता सांगता हात आपोआप फिरतात, भाकरी गोल होते. चालणे, वळणे, कुशीवर होणे, सदऱ्याची बटणे लावणे ही सगळी अशीच आपोआप होणारी कामे. पार्किन्सनमध्ये हे ‘आपोआप’ बिघडते. ताकद असते, पण हुकूम पोचत नाही. म्हणून हालचाल मंद आणि छोटी होते. अक्षर बारीक होत जाते, पाऊल बारीक पडते, आवाज बारीक होतो. गंमत अशी की रुग्णाला वाटते आपण नेहमीसारखेच बोलतोय आणि घरचेच बहिरे झालेत.

सगळ्यांचे हात थरथरतात असे नाही. कोणाचा फक्त खांदा दुखतो, चालताना एक हात झुलत नाही. बायकांच्या बाबतीत हे आणखी उशिरा लक्षात येते, कारण ‘कामाने दमली’ हे उत्तर तयारच असते. भाकरी थापायला दुप्पट वेळ लागतोय, गोधडीला टाका नीट पडत नाही, वास येत नाही, झोपेत ओरडणे-हातपाय मारणे सुरू झाले आहे, या गोष्टी एकत्र दिसल्या तर आईला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या.

इथे एक आडवळण घ्यायलाच हवे. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, गॅस-उलटीसाठी लेवोसल्पिराइड किंवा मेटोक्लोप्रामाइड, अशा गोळ्या आपल्याकडे महिनोन्महिने घेतल्या जातात. मेडिकलवाला देतो, आपण घेतो. या गोळ्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे येऊ शकतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या थांबवल्यावर पुष्कळांची लक्षणे काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या. दुसरे, पॅराक्वाटसारख्या तणनाशकांशी संपर्क आणि पार्किन्सन यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. वऱ्हाडात पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणारे हात बहुतेक कोणाचे असतात, हे आपल्याला माहीत आहे. हातमोजे आणि तोंडाला संरक्षण मागणे हा मजुराचा हक्क आहे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

व्यायामाने नेमके काय होते

आधी जे होत नाही ते सांगतो. व्यायामाने पार्किन्सन बरा होत नाही. पेशी मरायच्या थांबतात असेही अजून सिद्ध झालेले नाही. लेवोडोपाची गोळी सुटत नाही, आणि ‘आता व्यायाम सुरू केला, गोळी कशाला’ म्हणून ती अचानक बंद करणे धोक्याचे आहे. खाजकुहिलीच्या बियांत लेवोडोपा असते हे खरे, पण म्हणून बाजारातले चूर्ण गोळीसोबत स्वतःच्या मनाने घेऊ नका. मात्रा दुप्पट होऊन बसते.

आता जे होते ते. नेदरलँड्समध्ये 130 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने घरीच, जागेवरच्या सायकलवर, आठवड्यातून किमान तीनदा 30 ते 45 मिनिटे पायडल मारले. दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. सहा महिन्यांनी गोळीचा असर नसताना तपासले, तर ताणणाऱ्यांची लक्षणे वाढलेली होती आणि सायकलवाल्यांची जवळजवळ तिथेच होती. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या 128 रुग्णांचा अभ्यास आला. आजार नुकताच कळलेले, अजून गोळीही सुरू न झालेले हे लोक. त्यांतले जे चालण्याच्या यंत्रावर दम लागेल इतक्या जोरात चालले, त्यांची लक्षणे सहा महिन्यांत फारशी हलली नाहीत. 2012 मध्ये 195 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात ताई-ची या संथ चिनी व्यायामाने तोल सुधारला आणि पडणे कमी झाले. 2023 मध्ये तज्ज्ञांनी असे 156 अभ्यास, जवळपास आठ हजार रुग्ण, एकत्र तपासले. नाच, चालणे, पाण्यातला व्यायाम, ताकदीचा व्यायाम, बहुतेक प्रकारांचा काही ना काही फायदा दिसला आणि एक प्रकार दुसऱ्यापेक्षा फार सरस आहे असे निघाले नाही.

आम्हाला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. महागडे यंत्र लागत नाही, पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. जो व्यायाम आवडेल आणि रोज होईल तो आपला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ अनेक वर्षे रुग्णांना एकत्र आणते आहे, तिथेच नर्तक हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालवले. मुंबईत 2001 पासून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी एक सोसायटी काम करते. आपल्या अमरावतीत तर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. अशा व्यायामाच्या गावात व्यायाम म्हणजे पोरांचे काम आणि साठीनंतर खाट, ही समजूत अजून टिकून आहे, याचे आम्हाला नवल वाटते.

सुरुवात कशी करायची

हृदयविकार, मधुमेह, गुडघ्याचे ऑपरेशन यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकदा तरी फिजिओथेरपिस्टला दाखवा. तोल कितपत आहे, हे तेच नीट सांगतील.

वेळ गोळीप्रमाणे ठरवा. लेवोडोपाचा असर सुरू व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. पहाटेची गोळी साडेपाचला घेतली तर सव्वासहाला बाहेर पडा. अंग मोकळे असते, तेव्हाच व्यायाम होतो. ही गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी. वरण, दूध, अंडी यांच्यासोबत घेतली तर कमी लागू पडते. आणि उन्हाळ्यात हयगय नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा 44-45 अंशांवर जातो. सकाळी सातनंतर वृद्ध माणसाला मैदानात ठेवू नका, पाणी जवळ ठेवा. या आजारात उभे राहिल्यावर रक्तदाब खाली येतो, पाणी कमी पडले की जास्तच येतो. खाटेवरून उठताना आधी काठावर मिनिटभर बसायचे, पाय हलवायचे, मग उभे राहायचे.

चालताना मनात एकच शब्द ठेवायचा: मोठे. पाऊल मोठे, टाच आधी टेकवून. हात मोठे झुलवून. नजर पायाकडे नको, पुढच्या झाडाकडे. किती जोरात? बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतके. आठवड्याला 150 मिनिटे हे उद्दिष्ट. पहिल्या दिवशी दहा मिनिटे झाली तरी पुष्कळ.

वळणे ही सगळ्यात धोक्याची जागा. बहुतेक लोक वळतानाच पडतात, कारण एका पायावर गर्रकन फिरायला जातात. स्टँडमध्ये एसटी वळते तसे वळायचे, मोठा फेर घेऊन, पावले मोजत.

खुर्चीतून उठणे हा स्वतंत्र व्यायाम आहे. पुढे सरकून काठावर यायचे, पाय गुडघ्यांच्या मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके वाकायचे, आणि एका दमात उठायचे. सावकाश बसायचे. असे दहादा, दिवसातून दोन वेळा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, प्लास्टिकची हलकी खुर्ची घसरते. हातांसाठी घरातलीच कामे बघा. कणीक मळणे, तुरीच्या शेंगा सोलणे, भाजी निवडणे, कपड्यांना चिमटे लावणे. सूनबाईंनी ही कामे हातातून काढून घेऊ नयेत. वेळ लागेल, लागू द्या. रोज वहीत चार ओळी मोठ्या अक्षरात लिहायला लावा.

एक गोष्ट मात्र टाळा. चालताना हातात पाण्याचा गडवा आणि तोंडाने बोलणे, अशी दोन कामे एकदम नकोत. लक्ष विभागले की पाय अडखळतो.

पाय भुईला चिकटतात तेव्हा

‘पाय उचलतच नाही बापा, कोनं खिळे ठोकल्यावानी,’ असे एका आजीने आम्हाला सांगितले. दाराच्या चौकटीत, अरुंद जागेत, गर्दीत असे होते. घरचे घाबरतात आणि हात धरून ओढतात. ओढू नका, माणूस तोंडावर पडतो. थांबा म्हणा. श्वास घ्यायला सांगा. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार हलवा, डावा-उजवा, डावा-उजवा, आणि मग ‘एक, दोन, तीन’ म्हणून मोठे पाऊल. समोर तुमचा पाय आडवा ठेवून ‘हा ओलांडा’ म्हटले तरी पाय उचलला जातो. दारापाशी जमिनीवर रंगीत पट्ट्या हातभर अंतरावर चिकटवून ठेवा.

हे कसे होते? ‘आपोआप’चा रस्ता बंद असला तरी डोळ्यांनी रेघ दिसली किंवा कानांनी ताल ऐकला की मेंदू दुसऱ्या वाटेने हुकूम पाठवतो. म्हणूनच घराच्या दारात अडकणारा माणूस मिरवणुकीतल्या ताशाच्या ठेक्यावर चार पावले सहज टाकतो. लोकांना वाटते नाटक करतो. नाटक नसते. जयंतीच्या काळात लेझीम घरात येतेच, तिच्या ठेक्यावर जागच्या जागी पाय उचलायला लावा. भीमगीत लावा, पण संथ लयीचे. फार जलद ठेक्याने पावले उलट बारीक होतात. 2010 मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एक रुग्ण जगापुढे आणला. त्याला चार पावले धड चालता येत नव्हती, पण सायकल व्यवस्थित चालवत होता. आपल्याकडच्या जुन्या सायकलस्वारांनी मात्र रस्त्यावर हा प्रयोग करू नये. चढता-उतरताना पडायला होते. जागेवरची सायकल ठीक.

विहारात काय करता येईल

चालण्याला आपल्या परंपरेत नाव आहे, चंक्रमण. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्न करण्याचे बळ येते, आजार कमी होतात, खाल्ले-प्यालेले नीट पचते आणि चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पार्किन्सनच्या रुग्णाची बद्धकोष्ठाची तक्रार किती जुनी असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना चौथ्या लाभाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. प्रत्येक पावलाकडे लक्ष ठेवून चालणे, टाच टेकली, पाय उचलला, हे जाणत चालणे, या आजारात फिजिओथेरपिस्टही हेच शिकवतात. हाँगकाँगमध्ये 138 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सजगतेसह केलेला योग हालचालींसाठी नेहमीच्या व्यायामाइतकाच उपयोगी ठरला, आणि चिंता व उदासी कमी करण्यात सरस ठरला. उदासी हा या आजाराचाच भाग आहे, माणूस मनाने कच्चा आहे असा त्याचा अर्थ नाही.

आवाजाचे काम वंदनेत होते. त्रिसरण-पंचशील रुग्णाने पुटपुटू नये. पाठ ताठ, पोटातून श्वास, आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने म्हणावे. ‘साधू, साधू, साधू’ तर खणखणीत म्हणावे. जगभर पार्किन्सनच्या रुग्णांना मोठ्या आवाजात बोलण्याचेच शिक्षण देतात, घशाच्या स्नायूंना त्याने बळ येते. जेवताना ठसका लागत असेल, तर ते मात्र डॉक्टरांना लगेच सांगा.

विहार समितीच्या बंधूंना आमची विनंती आहे. भिंतीकडेला हात असलेल्या दोन-तीन खुर्च्या ठेवा आणि खुर्चीत बसून वंदना घेतली तर चालते, हे स्वतःहून जाहीर करा. पुष्कळ वृद्ध केवळ मांडी घालता येत नाही आणि सगळ्यांसमोर उठता येत नाही, या लाजेने येणे सोडतात. पायरीला कठडा बसवा. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास सभागृहात खडूने रेघा मारून, टाळ्यांच्या ठेक्यावर सगळ्याच ज्येष्ठांना चालवा. रुग्ण एखादा असेल, पण तोल सगळ्यांचाच सुधारेल. सोबत एक धडधाकट तरुण प्रत्येकाच्या किंचित मागे आणि बाजूला असावा, हात न धरता.

कागदपत्रांचे तेवढे राहिले. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात पार्किन्सनचा स्पष्ट उल्लेख आहे. तपासणीत दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरले तर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते, सवलतींसाठी तेच लागते. अर्ज ऑनलाइन भरून जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात तपासणीला जावे लागते. जाताना आधार कार्ड, फोटो, मेंदूविकारतज्ज्ञाची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची यादी न्या. तपासणीच्या दिवशी गोळी चुकवू नका. गोळीचा असर कधी उतरतो आणि तेव्हा काय काय जमत नाही, हे घरच्यांनी आठ दिवस वहीत लिहून ठेवावे आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.